पासबुक हाती आले, नकाशाचे काय?

जुलैचे दिवस होते. दिवेलागणीच्या सुमारास शेजारची मुलगी मोबाइल हातात घेऊन दारात उभी राहिली. बारावीला बऱ्यापैकी गुण मिळवून तिने नुकताच कला शाखेत प्रवेश घेतला होता. "काका, आज रात्री बारापर्यंत विषय भरायचे आहेत. यातलं 'ओई' म्हणजे काय हो?" मी चष्मा लावून पडद्यावर पाहिले. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी अक्षरांची रांगच लागली होती. प्रत्येकापुढे एक बाण, आणि बाणावर बोट ठेवले की विषयांची यादी उलगडणार. तिचे वडील एस.टी.त वाहक, ते रात्रीच्या गाडीवर गेलेले. आई सातवीपर्यंत शिकलेली. मी पदवीधर खरा, पण माझ्या वेळी विषयांची निवड एकदा केली की ती शेवटपर्यंत पुरत असे. शेवटी आम्ही दोघांनी मिळून अंदाजानेच अर्ज भरला. बहुतेक रकान्यांत तिच्या मैत्रिणीने जे घेतले होते, तेच तिनेही घेतले. पावणेबाराला अर्ज गेला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मला त्या सुटकेचीच थोडी लाज वाटली. आपण परगावी निघालो तर गाडी कुठे बदलायची, शेवटची गाडी किती वाजता, चुकलीच तर मुक्काम कुठे करायचा, हे चार जणांना विचारून निघतो. इथे मात्र तीन-चार वर्षांच्या प्रवासाला निघालेल्या मुलीला आपण तिकिटाच्या खिडकीपाशी उभे केले आणि मागे रांग लागली आहे, लवकर सांग, एवढेच म्हणालो. अशी दृश्ये त्या रात्री महाराष्ट्रातल्या किती घरांत घडली असतील, याचा विचार केलेला बरा.

निवड आता दर सहा महिन्यांनी

ज्या वाचकांची मुले अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. २०२० च्या जुलैमध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात पदवी शिक्षणाचा आराखडा दिला. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला राज्यापुरता आकार दिला आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. या रचनेत शिक्षण श्रेयांकांत, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिटमध्ये, मोजले जाते. वर्गातल्या अध्यापनाचे साधारण पंधरा तास किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६, असा हा हिशेब आहे.

पण हे श्रेयांक एकाच डब्यात भरून चालत नाहीत. मुख्य विषयाचे वेगळे, दुय्यम विषयाचे वेगळे. 'ओई' म्हणजे खुला ऐच्छिक विषय. तो आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. शिवाय व्यवसाय-कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प, समाजकार्य, खेळ किंवा एन.एस.एस. असे अनेक रकाने. प्रत्येक रकान्यात ठरावीक श्रेयांक पडलेच पाहिजेत.

या रचनेला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. आमच्या पिढीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला संगीत शिकावेसे वाटले तर ते घरी, चोरून, आणि वडिलांचा ओरडा खाऊन. आज तेच विद्यापीठाच्या दप्तरी जमा होऊ शकते, ही मोठीच गोष्ट आहे. पण स्वातंत्र्याबरोबर हिशेब आला. पूर्वी विषय निवडण्याचा प्रसंग पदवीत एखाद-दुसऱ्या वेळी येई. आता तो दर सहा महिन्यांनी येतो, आणि आजच्या निवडीचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो.

या श्रेयांकांसाठी एक बँकही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेली 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे त्याच्या खात्यात जमा होतात आणि एका संस्थेतून दुसरीकडे जाताना ते बरोबर नेता येतात. ही सोय उत्तमच आहे. पण बँकेचे पासबुक आपल्याला काय सांगते? आजवर किती जमा झाले, ते. मुलीच्या लग्नाला किती लागतील, घराचा हप्ता कधी सुरू होईल आणि त्यासाठी या महिन्यापासून काय बाजूला टाकायला हवे, हे पासबुकात लिहिलेले नसते. त्यासाठी घरात एक वेगळी वही असते. विद्यार्थ्याला आज गरज आहे ती या वहीची. तिला पदवी-नियोजनाचे अ‍ॅप म्हणा की आणखी काही म्हणा.

अमेरिकेची शंभर वर्षांची ठेच

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आणि श्रेयांकांची मोजणी या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने अमेरिकेतून आलेल्या आहेत. म्हणून तिथे काय घडले ते पाहणे उपयोगाचे. हार्वर्डचे अध्यक्षपद चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे सांभाळले. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून जवळपास मोडीत काढले आणि निवड विद्यार्थ्याच्या हाती दिली. कल्पना उदात्त होती. पण अनेक मुले सोपे विषय, सोयीची वेळ आणि मित्रांची संगत पाहून निवड करतात, अशी तक्रार होऊ लागली. एलियट यांच्या जागी आलेल्या लोवेल यांनी मग मधला मार्ग काढला. काही विषय एकाच शाखेत खोलवर, आणि उरलेले इतर शाखांतून विखुरलेले. आपल्याकडच्या मेजर आणि ओईची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली तिथल्या कम्युनिटी कॉलेजांवर एक पुस्तक लिहिले. मोलमजुरी करत शिकणारी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले तिथे मोठ्या संख्येने असतात. अशा मुलांपुढे कॅफेटेरियासारखी शेकडो विषयांची मांडणी ठेवली की ती गोंधळतात, भलतेच विषय घेतात, वर्षे वाया घालवतात आणि पुष्कळदा मध्येच सोडून जातात, हे त्यांचे निदान. निवड काढून घ्या असे त्यांचे म्हणणे नव्हते. वाटा आखून द्या, आणि वाट बदलायची तर काय होईल ते आधी सांगा, असे होते.

यात एक सामाजिक बोचही आहे. ज्या घरात आई प्राध्यापक आणि मामा बँकेत आहे, त्या घरातल्या मुलाला नकाशाची फारशी गरज नसते. नकाशा जेवणाच्या टेबलावरच बसलेला असतो. कुठला विषय पुढे एम.ए.ला उपयोगी पडेल, कोणता नुसता नावाला भारदस्त आहे, हे त्याला आमटी वाढता वाढता कळते. वाहकाच्या मुलीला ते कोण सांगणार? म्हणून या अ‍ॅपची कसोटी लावायची तर ती हुशार, जाणकार, घरी विचारायला माणसे असलेल्या मुलावर लावून उपयोग नाही. जिच्या घरी विचारायला कुणी नाही, तिच्यावर लावायला हवी.

वही कशी असावी?

आता प्रत्यक्ष अ‍ॅपकडे वळू. संगणकाचे जाणकार त्याची रचना करतीलच. पण ते वापरणाऱ्यांनीही काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात.

पहिली मागणी अशी की अ‍ॅप उघडल्याबरोबर एकच गोष्ट दिसावी: मी कुठे उभी आहे? काय मिळवले, काय चालू आहे, काय उरले. आणि हे रकान्यारकान्याने दिसावे. नुसता एकूण आकडा फसवा असतो. एकूण श्रेयांक भरले, पण भाषेच्या रकान्यात दोन कमी पडले, तर पदवी अडते. हे सहाव्या सत्राच्या शेवटी कळून काय उपयोग? तिसऱ्या सत्रात कळले तर एका सुट्टीत भरून निघेल.

दुसरी मागणी क्रमाची. पुरणपोळी करायची तर आधी डाळ शिजली पाहिजे, मग गूळ, मग पुरण वाटायचे. कणीक मधल्या वेळात भिजत पडते. काही कामे एकामागून एकच होतात, काही शेजारीशेजारी चालतात. विषयांचेही तसेच. पहिल्या सत्रातला संख्याशास्त्राचा पाया कच्चा राहिला तर चौथ्या सत्रातला त्यावरचा विषय पेलत नाही. केटी लागली की तर हे सगळे वेळापत्रकच हलते. एखादा विषय राहिला तर त्यामुळे पुढचे कोणते अडतील, तो पुन्हा कोणत्या सत्रात देता येईल आणि त्या सत्राचा बोजा किती होईल, हे अ‍ॅपने न विचारता दाखवावे.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची: 'समजा' विचारण्याची मुभा. समजा मी दुय्यम विषय बदलला, तर? समजा एक सत्र आजारपणात गेले, तर? प्रत्यक्ष काही न बदलता नुसते करून पाहता आले पाहिजे. पेन्सिलीने लिहावे आणि खोडरबराने पुसावे तसे. अर्जाचा पडदा आणि विचाराचा पडदा वेगळे असायला हवेत. आज मुलांना जे मिळते तो अर्जाचा पडदा असतो. तिथे घड्याळ धावत असते आणि चूक केली की ती नोंदली जाते.

या 'समजा'मध्ये काय दडलेले असते, याचे एक उदाहरण पुरे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, असे आयोगाच्या आराखड्यात आहे. ज्या मुलाला पुढे संशोधनात जायचे आहे, त्याला ही अट पहिल्या सत्रातच डोळ्यांसमोर हवी. तिसरे वर्ष संपताना, ७३ टक्क्यांवर उभे असताना ती कळली, तर नियम तोच राहतो. फक्त तो माहितीऐवजी शिक्षा होऊन भेटतो.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. या रचनेत मध्येच बाहेर पडण्याचीही सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मात्र त्यासाठी चार श्रेयांकांचा जादा कौशल्य-अभ्यासक्रम किंवा काम करावे लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते. वडिलांचे आजारपण, शेतीचे कर्ज, मुलीचे ठरलेले लग्न. आपल्याकडे शिक्षण सुटते ते अशा कारणांनी. पूर्वी ते 'सुटले' म्हणजे कायमचे सुटले. आता कागदावर तरी परतीचे दार उघडे आहे. पण ते दार अमुक तारखेपर्यंत उघडे आहे, आणि परत आलीस तर इतके श्रेयांक इथून पुढे आहेत, हे त्या मुलीला सासरी बसून दिसायला हवे. कॉलेज सुटले म्हणून अ‍ॅपमधले खाते बंद होता कामा नये. त्या दिवसांत तर तिला त्याची सर्वाधिक गरज असते.

चौथी मागणी भाषेची. 'व्हीएससी' या तीन अक्षरांऐवजी 'मुख्य विषयाशी जोडलेले हाताचे कौशल्य' असे लिहायला किती जागा लागते? नियम मराठीत असावेत, आणि परिपत्रकाच्या मराठीत नव्हे, बोलण्यातल्या मराठीत. 'सदर विद्यार्थ्याने विहित श्रेयांक संपादन केले नसल्यास' याऐवजी 'तुझे दोन श्रेयांक कमी आहेत' असे म्हटले तर विद्यापीठाची प्रतिष्ठा कमी होणार नाही. रंगांचेही तसेच. पुरे झालेले हिरवे आणि राहिलेले लाल दाखवतात, पण ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याच्यासाठी शेजारी शब्दही हवा. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा मोबाइल पडदा वाचून दाखवतो. त्याला वाचता येईल अशी मांडणी हवी.

पाचवी मागणी परिस्थितीची. हे अ‍ॅप जुन्या, भरलेल्या, काच तडकलेल्या मोबाइलवर चालले पाहिजे. घरात एकच मोबाइल असेल आणि तो दिवसभर भावाकडे असेल, हेही गृहीत धरले पाहिजे. रेंज नसेल तेव्हा मागची माहिती दिसावी. आणि सगळा आराखडा एका कागदावर छापून घेता यावा. तो कागद भिंतीवर चिकटवता येतो, आईला दाखवता येतो, सरांपुढे ठेवता येतो.

अ‍ॅप खोटे बोलू नये

इतके सगळे झाले आणि माहितीच चुकीची निघाली तर? या बाबतीत आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. यादीत साठ विषय, पण कॉलेजात शिकवणारे तीनच. दोन्ही विषय घेता येतील असा नियम, पण दोन्हींचे तास एकाच वेळी. अशा ठिकाणी सुबक अ‍ॅप हे नुसत्या परिपत्रकापेक्षा जास्त घातक ठरते, कारण मुले त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून विद्यापीठाचे नियम, त्या-त्या कॉलेजात खरोखर शिकवले जाणारे विषय आणि वेळापत्रक, या तिन्हींची सांगड घालणारा माणूस प्रत्येक कॉलेजात नेमलेला असायला हवा. प्रत्येक पडद्यावर 'ही माहिती अमुक तारखेची' अशी ओळ हवी. नियम बदलला तर कोणत्या तुकडीला तो लागू आणि कोणत्या नाही, हे स्पष्ट हवे. अ‍ॅप तयार करायला एकदा पैसे मिळतात, उद्घाटन होते, फोटो येतो. ते रोज खरे ठेवायचे काम मात्र कुणाच्याच नावावर नसते. खरा खर्च तिथे आहे.

ते कसे तयार करावे, याचाही एक साधा मार्ग आहे. संगणकाला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्यावर पडदे रेखाटावेत आणि पाच-सहा मुलांपुढे ठेवून 'पुढच्या सत्राचे विषय ठरवून दाखव' एवढे सांगावे. आपण गप्प बसून पाहावे. सोयीच्या रचनेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडले होते की पाच जणांना वापरताना पाहिले तरी रचनेतले बहुतेक दोष उघडे पडतात. हे पाच जण मात्र वर म्हटल्याप्रमाणे निवडलेले हवेत. एक ग्रामीण भागातली, एक केटी लागलेला, एक दिवसा नोकरी करणारा, एक मध्येच सोडून परत आलेली. बोट कुठे अडखळते, कपाळाला आठी कुठे पडते, ते टिपून घ्यावे. सभागृहातल्या सादरीकरणात ही आठी दिसत नाही.

एक धोक्याची खूणही करून ठेवायला हवी. आजची यंत्रे भाकीतही करतात. तुझ्यासारख्या गुणांच्या मुलांना हा विषय जमत नाही, दुसरा घे, असे सांगणे त्यांना सहज शक्य आहे. पण 'तुझ्यासारख्या' या शब्दात गाव, माध्यम, घरची परिस्थिती सारेच गुपचूप शिरते. गावाच्या शाळेतून आलेल्या मुलीला गणितापासून अलगद बाजूला करणारे अ‍ॅप दिसायला प्रेमळ असेल, पण ते जुनेच काम नव्या हाताने करील. अंदाज सांगायचाच तर तो मदत धाडण्यासाठी सांगावा. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ पासून अडखळणारी मुले वेळीच हेरणारी यंत्रणा उभारली, तिचे बरेच कौतुक झाले. पण त्या विद्यापीठाने त्याचबरोबर विद्यार्थी-सल्लागारांचीही मोठी भरती केली, हे सांगायचे अनेकदा राहून जाते. यंत्राने घंटा वाजवली. दार उघडायला माणूस होता.

आपल्याकडे तो माणूस म्हणजे कॉलेजातले सर किंवा मॅडम. अ‍ॅप आले म्हणजे त्यांची गरज संपली असे कुणी समजू नये. उलट, कारकुनी हिशेब यंत्राने केला तर दहा मिनिटे खऱ्या बोलण्याला उरतील. 'तुला नेमकं काय आवडतं?' हा प्रश्न अ‍ॅपने विचारला तर मूल चार पर्यायांतला एक निवडते. सरांनी विचारला तर ते आधी गप्प बसते आणि मग बोलू लागते.

तोवर घरात काय करता येईल? एक जुनी वही घ्यावी. डावीकडे सगळे रकाने लिहावेत, वर सत्रांचे आकडे. जे झाले ते शाईने, जे ठरवले ते पेन्सिलीने. दर सत्राच्या सुरुवातीला मुलाला घेऊन बसावे आणि चारच प्रश्न विचारावेत. काय उरलंय? यातलं कशावाचून काय अडतं? बेत बदलला तर काय होईल? आणि यातलं खात्रीचं काय, ऐकीव काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आणायला मुलाला कॉलेजात पाठवावे. ज्यांना नियम कळत नाहीत अशा आईवडिलांनीही हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाला समजावून सांगताना मुलाला स्वतःलाच पुष्कळ उमगते.

शेजारच्या मुलीची अशी वही आम्ही गणपतीच्या सुट्टीत केली. ओई म्हणून तिने मैत्रिणीमागोमाग जो विषय घेतला होता तो काही वाईट निघाला नाही. पण तिला घ्यायचा होता तो मात्र यादीत दोन ओळी खाली होता, आणि त्या रात्री आम्ही तिथपर्यंत सरकलोच नव्हतो. पुढच्या सत्रात तो घेता येईल का, हे विचारायला ती कॉलेजात जाणार आहे. वडिलांनी रजा टाकली आहे. तेही बरोबर जाणार आहेत, वही घेऊन.